घरातील भांडण आणि वर्गातील मूल
(हीरकमहोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा हा आनंदसोहळा आहे. अशा प्रसंगी परीक्षांचे निकाल, स्पर्धांत मिळवलेल्या ढाली आणि देशोदेशी पोहोचलेले विद्यार्थी यांचा गौरव व्हावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु प्रत्येक शाळेच्या हजेरीपटावर काही नावे अशी असतात, की त्यांच्या खऱ्या अडचणीची नोंद कोणत्याच अहवालात होत नाही. ती मुले वर्गात बसलेली असतात, पण त्यांचे चित्त घरी अडकलेले असते. सकाळी निघताना आईचा चेहरा कसा होता आणि दुपारी परतल्यावर तो कसा असेल, एवढाच विचार त्यांच्या मनात चाललेला असतो. आजचे विवेचन त्या मुलांविषयी आहे. ज्यांना स्वतःला मार बसत नाही, पण ज्यांच्या डोळ्यांदेखत आईला मार बसतो, अशा लहान मुलांच्या वागण्यावर त्याचा काय परिणाम होतो आणि घराने व शाळेने काय करावे, हा आजचा विषय.

विषय अप्रिय आहे. ‘घरोघरी मातीच्या चुली’, ‘भांड्याला भांडे लागतेच’, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ अशा म्हणींची आपल्या भाषेत कमतरता नाही. संसारातील लहानसहान कुरबुरी पोटात घालाव्यात, हा त्यांतला शहाणपणा मान्यच आहे. पण कुरबूर निराळी आणि मारहाण निराळी. मतभेद बरोबरीच्या माणसांत होतात. हिंसेत एक जण दुसऱ्याला घाबरवून गप्प बसवतो. पुष्कळ घरांत या दोन्ही गोष्टींना ‘भांडण’ हा एकच शब्द वापरतात आणि त्या शब्दाआड मारहाण लपते. मूठ झाकलेली राहते खरी, परंतु त्या मुठीत एक मूलही गुदमरत असते, याचा विसर पडतो.

या प्रश्नाची व्याप्ती किती, हे प्रथम पाहिले पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के, तर छत्तीसगडमध्ये सुमारे २० टक्के आढळले. त्याच सर्वेक्षणात देशातील ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी, काही कारणांसाठी पतीने पत्नीला मारणे योग्य ठरते, असे मत दिले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली होती आणि चारांपैकी तिघींहून अधिक स्त्रियांनी मदत मागणे तर दूरच, कोणाजवळ त्याचा उच्चारही केला नव्हता.

हे आकडे स्त्रियांचे आहेत. त्या वेळी दाराआड उभ्या असलेल्या मुलांची मोजणी त्यांत नाही. जगाच्या पातळीवर युनिसेफने २००६ साली एक अंदाज मांडला होता. दरवर्षी १३ कोटींपासून २७ कोटींपर्यंत मुले घरातील हिंसा पाहतात, असा तो अंदाज होता. स्त्रियांच्या आकड्यांवरून एखाद्या वर्गाचा थेट हिशेब मांडता येत नाही, हे खरे. तरीही चाळीस मुलांच्या वर्गात असे एकही मूल नसेल, असे मानणे धाडसाचे ठरेल. हा प्रश्न केवळ गरीब वस्तीचा किंवा दारूच्या घरांचा आहे, हाही समज टाकून द्यावा लागेल. दारू आणि गरिबी यांमुळे हिंसा वाढते, पण पदव्यांच्या चौकटी टांगलेल्या दिवाणखान्यातही ती असते. तेथे ती अधिक बेमालूमपणे झाकली जाते, एवढाच फरक.

अशा घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘मुलांना काही कळत नाही, ती झोपलेली होती.’ हे वाक्य बहुधा खरे नसते. मूल पांघरूण डोक्यावर ओढून जागे असते. तात्यापारा, बुढापारा यांसारख्या रायपूरच्या जुन्या वस्त्यांत एका घरातला आवाज दुसऱ्याच्या अंगणात सहज जात असे आणि शेजारची एखादी काकू कडी वाजवून ‘काय झाले गं?’ असे विचारू शकत असे. त्यामुळे मारहाण नेहमीच थांबत होती असे नव्हे. पण मुलाला तेवढा वेळ तरी दुसऱ्या घरी नेऊन बसवले जाई. आता फ्लॅटची दारे बंद असतात आणि उन्हाळ्यात कूलरची घरघर सर्व आवाज गिळून टाकते. बाहेर काही ऐकू जात नाही, आतल्या मुलाला मात्र सारे ऐकू येते. ते पावलांच्या आवाजावरून बाबांचा राग ओळखते. स्कूटर कशी उभी केली, चपला कशा काढल्या, ताट कसे सरकवले, यावरून पुढचा तास कसा जाणार हे त्याला कळते. वाचायला शिकण्याआधीच ते घरातल्या माणसांचे चेहरे वाचायला शिकलेले असते.

पाळण्यातल्या बाळाला तर काहीच समजत नाही, असे वाटणे साहजिक आहे. परंतु बाळाला शब्दांचा अर्थ कळला नाही तरी आवाजाचा सूर कळतो आणि आईच्या अंगाचा ताठरपणाही कळतो. सतत भीतीच्या छायेतली आई मनात असूनही बाळाशी शांतपणे खेळू-बोलू शकत नाही. त्यामुळे असे बाळ वारंवार रडते, दचकून जागे होते, दूध नीट पीत नाही आणि लवकर शांत होत नाही.

यामागे शरीराची एक साधी यंत्रणा आहे. संकट दिसताच शरीर पळण्याची किंवा प्रतिकाराची तयारी करते. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठ होतात, रक्तात ताणाची संप्रेरके मिसळतात. संकट टळले की शरीर पूर्ववत होते. ज्या मुलाच्या घरी संकट केव्हाही येऊ शकते, त्याच्या शरीराला ही तयारी सोडून देण्याची उसंतच मिळत नाही. वर्गात फळ्यावर लक्ष देण्यासाठी जे मन निर्धास्त असावे लागते, ते पहाऱ्यावर उभे असते. बाकाचे झाकण आपटले तरी असे मूल दचकते. शिक्षकांनी शाबासकीसाठी हात उचलला तरी ते डोके खाली घेते. पाढे पाठ असूनही विचारल्यावर आठवत नाहीत. हा आळस नसतो आणि बुद्धीची उणीवही नसते.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांत हा परिणाम बहुधा मागे जाण्याच्या रूपाने दिसतो. अंथरूण ओले करणे थांबलेले असते, ते पुन्हा सुरू होते. अंगठा तोंडात जातो, बोलणे अडखळते, आईचा पदर सुटत नाही. शाळेच्या फाटकाशी असे मूल आकांत करते तेव्हा ‘शाळेची भीती वाटते’ असा निष्कर्ष चटकन काढला जातो. पुष्कळदा त्या मुलाला शाळेची भीती नसते. आपण नसताना घरी आईचे काय होईल, याची भीती असते. या वयाचे मूल प्रत्येक घटनेचे कारण स्वतःत शोधते. ‘दूध सांडले म्हणून बाबांनी आईला मारले’ हा त्याचा तर्क असतो आणि त्याच्या दृष्टीने तो निर्विवाद असतो. कोणी सांगितले नाही तर अपराधाचे हे ओझे ते वर्षानुवर्षे वाहते.

शब्दांत जे सांगता येत नाही, ते मूल खेळात सांगते. पोळ्याच्या सुमारास रायपूरच्या बाजारात मातीचे बैल, चूल, जाते आणि इवलीशी भांडी येतात आणि शिशुवर्गात भातुकली रंगते. त्या खेळात ‘बाबा’ झालेले मूल घरात शिरताच ताट भिरकावते आणि ‘आई’ झालेले मूल मुकाट्याने सांडलेले वेचते. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. असा खेळ पाहून लगेच निष्कर्ष काढू नये, पण त्याकडे डोळेझाकही करू नये. बालवाडीतल्या ताईंनी बाजूला बसून पाहावे आणि ध्यानात ठेवावे.

सहा ते अकरा या वयात लक्षणे बदलतात. सकाळी शाळेच्या वेळी पोटात दुखते, डोके दुखते. डॉक्टरांना काही सापडत नाही. गृहपाठ अपुरा राहतो, कारण तो करण्याची वेळ आणि घरातील वादळाची वेळ एकच असते. ‘माझे कुटुंब’ या विषयावरील निबंधात रविवारी बाबा सर्वांना बागेत नेतात, आई हसतमुख असते, असे जे चित्र उमटते, ते कधीकधी केवळ हवेहवेसे वाटणारे घर असते. काही मुले या वयात घरातील मोठे माणूस होऊन बसतात. धाकट्या भावंडाला आतल्या खोलीत नेणे, आईच्या हातावर बर्फ धरणे, बाबांचा फोन आला की खोटे उत्तर देणे, ही कामे आठ वर्षांचे मूल सराईतपणे करते. पाहुणे त्याचे ‘किती समजूतदार’ म्हणून कौतुक करतात.

वर्गात अशी मुले प्रामुख्याने दोन रूपांत दिसतात. पहिले रूप सर्वांच्या लक्षात येते. ते मूल मधल्या सुट्टीत धक्काबुक्की करते, दुसऱ्याचा डबा उधळते, उलट बोलते आणि मुलींच्या वेण्या ओढते. दुसरे रूप कोणाच्याच लक्षात येत नाही. ते मूल कधीच प्रश्न विचारत नाही, कधीच चुकत नाही, पेन्सिल हरवली तर कासावीस होते आणि शिक्षकांचा आवाज किंचित चढला तरी पांढरे पडते. पहिल्याला शिक्षा होते, दुसऱ्याला ‘आदर्श विद्यार्थी’ म्हणून प्रमाणपत्र मिळते. दोघेही एकच गोष्ट सांगत असतात. एक ती ओरडून सांगतो, तर दुसरा गप्प राहून. मुलगे आक्रमक होतात आणि मुली मिटून जातात, असे साधारणपणे म्हटले जाते. पण याला नियम समजू नये. भेदरलेले मुलगे आणि धुसफुसणाऱ्या मुली प्रत्येक वर्गात असतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वर सांगितलेले कोणतेही एक लक्षण म्हणजे घरातील हिंसेचा पुरावा नव्हे. नवे भावंड, आजारपण, घरातील मृत्यू, कमजोर दृष्टी, ऐकण्यातला दोष, अध्ययन अक्षमता अशा अनेक कारणांनी मूल असे वागू शकते. लक्षणांची यादी हातात घेऊन घरांवर आरोप करणे हा दुसरा अन्याय होईल. वागणे बदलले म्हणजे चौकशी करावी, निवाडा करू नये.

हिंसा पाहून मूल काय शिकते, याचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. १९६१ साली अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील ७२ मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर एका प्रौढ व्यक्तीने हवा भरलेल्या मोठ्या बाहुलीला ठोसे मारले, हातोडीने बडवले आणि त्वेषाचे शब्द उच्चारले. नंतर त्या मुलांना खेळायला सोडले, तेव्हा पुष्कळांनी तेच ठोसे मारले आणि तेच शब्दही उच्चारले. त्यांना कोणी शिकवले नव्हते, त्यांनी केवळ पाहिले होते. १९९८ साली कॅलिफोर्नियातील एका मोठ्या अभ्यासात प्रौढांना त्यांच्या बालपणातील दुःखद अनुभवांविषयी विचारण्यात आले. ‘आईला मारहाण होताना पाहिले का’ हा त्यांतला एक प्रश्न होता. असे अनुभव जितके अधिक, तितके पुढच्या आयुष्यात नैराश्य, व्यसन, आत्महत्येचे प्रयत्न आणि हृदयविकारासारखे आजारही अधिक, असे त्यातून दिसून आले. आपल्याकडील कुटुंब आरोग्य सर्वेक्षणेही हेच सांगतात, की ज्या स्त्रीने वडिलांना आईवर हात उगारताना पाहिले, तिच्या स्वतःच्या संसारातही हिंसा असण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो.

म्हणून अशा मुलांचे भवितव्य ठरूनच गेले, असे मानावे काय? मुळीच नाही. हवाई बेटांपैकी कौआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, कलह, पालकांचे आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले पुढे कर्तबगार आणि प्रेमळ माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट वारंवार आढळली. त्यांच्यावर निरपेक्ष माया करणारे, विश्वास ठेवावा असे निदान एक मोठे माणूस त्यांना लाभले होते. कोणाला आजी, कोणाला शेजारीण, तर कोणाला शिक्षक. शाळेने या निष्कर्षाकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण हे एक माणूस शाळेत मिळू शकते.

मराठी बालशिक्षणाला ही दृष्टी नवी नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम करून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि पुढे १९४५ पासून बोर्डीला व नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी बालवाड्या उभ्या केल्या. भय आणि मार यांना बालशाळेत स्थान नाही, मुलाचे निरीक्षण ही शिक्षकाची पहिली विद्या आहे, हा त्या कार्याचा पाया होता. जे मूल घरी भय पाहून येते, त्याला तर भयमुक्त वर्गाची गरज सर्वांत अधिक. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली आहे. ती केवळ कायद्याच्या धाकाने पाळायची गोष्ट नाही. घरी जे पाहिले तेच शाळेतही घडले, तर जगात सर्वत्र हीच रीत आहे, असे मूल समजून चालते.

शाळेकडून नकळत होणारी एक हानी येथे स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मुलाने दंगा केला की वहीत लाल शाईने शेरा जातो : ‘पालकांनी भेटावे.’ हिंसेच्या घरी तो शेरा पोहोचतो तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. ‘तूच लाडावून ठेवलेस’ असे म्हणत शिक्षा आईला होते आणि ती मुलासमोर होते. आपल्यामुळे आईला मार बसला, हा त्याचा गैरसमज त्या रात्री पक्का होतो. म्हणून जेथे शंका असेल तेथे लेखी तक्रार घरी पाठवण्यापूर्वी वर्गशिक्षिकेने थांबावे, मुख्याध्यापकांशी बोलावे आणि आईशी स्वतंत्रपणे, अन्य निमित्ताने भेट घ्यावी. प्रगतिपुस्तक देण्याच्या दिवशी एखादे मूल विनाकारण थरथरत असेल, तर त्या थरथरण्याचीही मनाशी नोंद घ्यावी.

मुलाशी बोलावे कसे? पोलिसी उलटतपासणी करू नये. ‘बाबा आईला मारतात का?’ असा थेट प्रश्न वर्गात किंवा कार्यालयात विचारू नये. शांत जागी, हाताला चित्र काढण्यासारखे काही काम देऊन, ‘हल्ली तू गप्प असतोस, काही सांगावेसे वाटले तर सांग’ एवढे म्हणावे आणि वाट पाहावी. मुलाने सांगितले तर चेहऱ्यावर धक्का दाखवू नये, वडिलांना वाईट शब्द बोलू नये. कारण मुलाचे त्यांच्यावरही प्रेम असते आणि तीच त्याची सर्वांत मोठी कोंडी असते. ‘यात तुझी चूक नाही, सांगितलेस हे चांगले केलेस’ ही दोन वाक्ये पुरेशी आहेत. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये, कारण सुरक्षिततेसाठी ते मोडावे लागू शकते. रायपूरच्या मराठी शाळेत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. येथील मूल शाळेत मराठी, रस्त्यावर हिंदी आणि शेजारीपाजारी छत्तीसगढी बोलते. घरातील प्रसंग ज्या भाषेत घडला त्याच भाषेत त्याला सांगू द्यावा. शुद्ध मराठीचा आग्रह धरण्याची ती वेळ नव्हे.

कोणाची मदत घ्यावी, हे पालकांना आणि शिक्षकांना ठाऊक असले पाहिजे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. मारहाणीबरोबरच शिवीगाळ, अपमान, लैंगिक जबरदस्ती आणि पैशाची कोंडी यांनाही तो हिंसा मानतो. या कायद्यानुसार स्त्रीला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही, मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आणि खर्चाचा आदेश मिळू शकतो. बाधित व्यक्ती मूल असेल तर त्रास देणाऱ्याला त्याच्या शाळेत येण्यास मनाई करण्याचीही त्यात तरतूद आहे. हिंसेची माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकते आणि सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणतीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. ‘आपण कशाला मध्ये पडा’ म्हणून मागे राहणाऱ्या शेजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी हे ध्यानात ठेवावे.

हिंसाग्रस्त स्त्रियांना एकाच छताखाली वैद्यकीय, पोलिसी, कायदेशीर आणि मानसिक साहाय्य देणारे देशातील पहिले ‘सखी’ वन स्टॉप सेंटर जुलै २०१५ मध्ये रायपूरमध्येच सुरू झाले, ही या शहराला अभिमानाची गोष्ट आहे. तेथे पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळतो. आईबरोबर कोणत्याही वयाच्या मुली आणि ठरावीक वयापर्यंतचे मुलगे राहू शकतात. त्याहून मोठा मुलगा असलेल्या आईपुढे मात्र पेच उभा राहतो. ज्याने सर्वाधिक पाहिलेले असते, तोच बाहेर राहतो. अशा वेळी मामा, मावशी, आजोबा यांनी त्या मुलाला काही दिवस सामावून घेणे, ही लहान वाटणारी मदत फार मोठी ठरते. महिलांसाठी १८१, बालकांसाठी १०९८ आणि तातडीच्या पोलिसी मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. यांपैकी बालकांच्या सेवेचा आरंभ १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून झाला. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी जिल्ह्यात बालकल्याण समितीही असते.

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ हे केंद्र सुरू झाले, त्यामागचा विचार असा होता, की मार खाल्लेली स्त्री पोलीस ठाण्यात गेली नाही तरी दवाखान्यात येतेच. तेव्हा तेथील परिचारिकेने तिची जखम ओळखावी. मुलांच्या बाबतीत ते ठिकाण शाळा आहे. मूल दुसरीकडे कोठे जात नाही, पण शाळेत रोज येते. इंग्लंडमधील प्लिमथ येथे एक मुख्याध्यापिका आणि पोलीस दलात असलेले त्यांचे पती यांनी २०११ मध्ये एक व्यवस्था सुरू केली. रात्री एखाद्या घरी हिंसेच्या तक्रारीवरून पोलीस गेले, तर दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी मुख्याध्यापकांना कळवले जाते. गृहपाठ का झाला नाही, असे त्या सकाळी मुलाला कोणी विचारत नाही. त्याला न्याहारी आणि शांत जागा दिली जाते. पुढे ही पद्धत त्या देशात सर्वदूर पसरली, आणि २०२१ च्या तेथील कायद्याने हिंसा पाहणाऱ्या-ऐकणाऱ्या मुलालाही स्वतंत्रपणे पीडित मानले. आपल्याकडे असा निरोप शाळेला येत नाही. तोवर शिक्षकांच्या नजरेवरच भिस्त आहे.

आता पालकांविषयी. ‘मुलांसाठी सहन करते’ असे कित्येक आया म्हणतात. त्यांना दोष देणे अन्यायाचे आहे. माहेर, पैसा, निवारा आणि लोकलाज यांच्या हिशेबात त्या अडकलेल्या असतात. परंतु मुलांसाठी सोसलेल्या त्या माराची झळ मुलांनाही लागते, हे त्यांना आपुलकीने सांगितले पाहिजे आणि सांगणाऱ्याने पुढच्या पावलात साथही दिली पाहिजे. घरातील वडीलधाऱ्यांनी दुसऱ्या खोलीत जपमाळ ओढत बसणे किंवा टीव्हीचा आवाज वाढवणे, यालाही मूल संमतीच समजते. आजोबांनी एकदा खणखणीत आवाजात ‘या घरात हात उगारायचा नाही’ असे म्हटले, तर ते वाक्य नातवाच्या मनात कायमचे राहते.

आणि वडिलांविषयी. मुलाला हात लावत नाही, म्हणून आपण चांगला बाप आहोत, असे समजणाऱ्या पुरुषाने एवढे जाणून घ्यावे, की त्याच्या मुलाच्या दृष्टीने आई आणि आपण वेगळे नसतो. राग येणे माणसाच्या हाती नसेल; त्या रागाचे काय करायचे, हे मात्र त्याच्या हाती असते. कचेरीत साहेबांपुढे आवरला जाणारा राग घरी आवरत नाही, हे खरे कारण होऊ शकत नाही. चूक झाली असेल तर मुलासमोर पत्नीची क्षमा मागावी, समुपदेशकाकडे जावे, व्यसन असेल तर उपचार घ्यावेत. क्षमा मागूनही हात पुन्हा उगारला, तर मूल क्षमेवरचा विश्वासही गमावते.

माजी विद्यार्थ्यांनो, या सभागृहात कदाचित असेही काही जण असतील, ज्यांनी लहानपणी हे सारे पाहिले आणि दप्तरात लपवून शाळेत आणले. त्या वेळी कोणी विचारले असेल, कोणी विचारले नसेल. ज्यांनी आपल्या घरात ही परंपरा थांबवली, त्यांचे कर्तृत्व कोणत्याही पदकाहून कमी नाही, जरी त्याची नोंद गौरवयादीत होत नसली तरी. ज्यांना ते अजून साधलेले नाही, त्यांच्यासाठीही उशीर झालेला नाही.

हीरकमहोत्सवानिमित्त नवी वर्गखोली, संगणक आणि ग्रंथालय यांसाठी देणग्या जमा होत आहेत. त्यांत आणखी एका गोष्टीची भर पडावी : आठवड्यातून काही दिवस शाळेत येणारी प्रशिक्षित समुपदेशक, तिच्यासाठी एक शांत खोली, आणि प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर मुलांना वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेला १०९८ हा क्रमांक. यासाठी लागणारा खर्च फार मोठा नाही. पालक, माजी विद्यार्थी आणि व्यवस्थापन यांनी मनावर घेतले, तर येत्या जूनमध्ये शाळा भरेल तेव्हा ही व्यवस्था उभी असेल. ज्या मुलाची वाणी घरी बंद झाली आहे, त्याला शाळेत निदान एका माणसाजवळ बोलता यावे, एवढी अपेक्षा व्यक्त करून हे विवेचन येथे पूर्ण होत आहे.